तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत माझ्यामागे कोण राहील

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. फुप्फुसं ठिकाणावर नाहीत, पन्नास वर्षांचा भुसा बसला आहे त्यांत, पण हे लिहायला फुप्फुसं लागत नाहीत. मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारे दोघे येऊन गेले, एक माझा घरमालक आणि दुसरा माझा मुलगा. दोघांना मी पाणीसुद्धा विचारलं नाही. यापूर्वीचं कुठलंही मृत्युपत्र रद्द करायची गरज नाही, कारण यापूर्वी मला कोणाचा इतका राग आला नव्हता.

कलम १. खोलीबाबत. खोली भाड्याची आहे. ती कोणाला देऊन टाकायचा हक्क मला नाही, हे मला कळतं. पण भाडेकरू गेला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला तेच भाडं भरून पुढे राहता येतं, असा कायदा आहे. सबब नोंद करतो की मी या खोलीत एकटा राहत नाही. समोरच्या लाँड्रीत काम करणारी इस्त्रीवाली बाई गेली एकोणीस वर्षं माझ्यासोबत राहते. मुलाची आई वारली, त्यानंतर चार वर्षांनी ती एक पेटी आणि स्वतःची उशी घेऊन आली. मी तिला दोनदा लग्नाचं विचारलं. दोन्ही वेळा म्हणाली, "मिस्त्री, खोली आहे दहा बाय बारा. त्यात नवराबायको कुठे मावणार? आहोत तसे बरे आहोत."

दिवसभर उभी राहून ती लोकांचे कपडे कडक करते आणि घरी आली की माझ्या पाठीला तेल चोळते. जगात मला एकाच माणसाची काळजी आहे आणि ते माणूस म्हणजे ही. ती रस्त्यावर येऊ नये एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमं काही लोकांना चार शब्द सुनावण्यासाठी आहेत.

कलम २. मला न मिळालेल्या घराबाबत. सभांचे मंच बांधणं हा माझा धंदा. सगळ्या पक्षांचे बांधले. फळ्या त्याच, वरचं कापड तेवढं बदलतं. सभा चालू असताना सुताराला मंचाखाली बसावं लागतं, फळी करकरली तर पाचर मारायला. "प्रत्येकाला हक्काचं घर" हे मी असं खालून, सात निवडणुका ऐकलं आहे.

मागच्या निवडणुकीत माझे चिरंजीव आमच्या भागातल्या उमेदवारसाहेबांच्या मागेपुढे करत होते. म्हणाले, "बाबा, नवा शर्ट घाला. साहेब आज तुम्हाला घर देणार आहेत." मी मंचाखालून निघून मंचावर गेलो. साहेबांनी हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली माझ्या हातात दिली, फोटो निघाला, आणि पायऱ्या उतरायच्या आत एका कार्यकर्त्याने किल्ली काढून घेतली. पुढच्या माणसाला तीच द्यायची होती.

आठ दिवसांत माझं तोंड गल्लोगल्ली लागलं. खाली छापलं होतं, "मला माझं घर मिळालं!" मी असं कधी म्हटलं नव्हतं. साहेब निवडून आले. मी वर्षभर घरवाटपाच्या कचेरीत खेटे घातले. शेवटी तिथल्या कारकुनाने यादी चाळली आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं नाव कापलंय. तुम्हाला मिळालं ना घर? हे काय, फोटो आहे तुमचा." मागे वळून पाहिलं तर भिंतीवर मी होतो आणि हसत होतो.

इतक्यावर भागलं नाही. मालकाने तेच पोस्टर घडी घालून कोर्टात नेलं. भाडेकरूस स्वतःचं घर मिळालेलं आहे, सबब खोली रिकामी करून मिळावी, असा दावा लावला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. यात माझी चूक एकच, नवा शर्ट घातला. तो हावरटपणा होता आणि मी तो कबूल करतो.

कलम ३. कोर्टात घडलेल्या गोष्टीबाबत. दावा चालू आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेला मालकाच्या वकिलाने तिच्याकडे बोट करून मला विचारलं, "ही बाई तुमची नात्याने कोण?" मी पिंजऱ्याचं लाकूड चाचपत उभा राहिलो. शेवटी तीच मागून उठून म्हणाली, "मी इस्त्री करते." लोक हसले. वकील तर रुमाल तोंडाला लावून हसला. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. वकिलाला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

कलम ४. चिरंजीवांबाबत. मालक ही इमारत पाडून मोठी बांधणार आहे. तीत चिरंजीवांना रस्त्याकडचा गाळा मिळायचा आहे. बदल्यात मी गेल्यावर "वडील एकटेच राहत होते" एवढं त्यांनी लिहून द्यायचं. हे मला दुसऱ्या कोणी नाही, त्यांनीच माझ्या खाटेवर बसून सांगितलं. "बाबा, ती आपली कोण लागते? बघू तिचं काहीतरी. साहेबांच्या कानावर घालतो." घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे घर आहे तिथेच आहे, वासाच फिरला. त्यांना मी तो शर्ट ठेवतो. एकदाच घातलेला आहे. दुसरं काहीही मिळणार नाही, खाटसुद्धा नाही.

कलम ५. माळा आणि हत्यारं. भिंतीत ठोकलेली प्रत्येक वस्तू मालकाची, असं करारात लिहिलं आहे. म्हणून एकतीस वर्षांत मी या खोलीत एक खिळा मारला नाही. माळा, फडताळ, शिडी, सगळं एकात एक बसवलेलं आणि लाकडी खुंट्यांवर उभं. मालक दोनदा चष्मा लावून खिळे शोधून गेला. हे सारं इस्त्रीवालीचं. ती कधी आपल्या मर्जीने गेलीच, तर सोळा खुंट्या काढल्या की माळा सुटा होऊन जिन्यातून खाली जातो. सुरुवात खिडकीच्या कोपऱ्यातून करावी, नाहीतर सगळा डोक्यावर येतो. मालक स्वतः काढायला लागला तर त्याला हे कलम वाचून दाखवू नये.

रंधा, करवती आणि पटाश्या माझ्या जोडीदाराला, ज्याला सगळे भिंगरी म्हणतात. अट एकच: मंच बांधावेत, वर चढू नये.

कलम ६. मताबाबत. मत मृत्युपत्राने देता येत नाही, मी विचारून पाहिलं. मतदान रविवारी आहे. तोवर टिकलो तर भिंगरीने मला खुर्चीसकट उचलून न्यावं. न टिकलो तर साहेबांनी माझ्या दारात हात जोडून फोटो काढू नये. माझा एक फोटो त्यांना पाच वर्षं पुरला आहे.

कलम ७. शेवटचं. कोर्टातून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला तिसऱ्यांदा विचारलं. ती चादरीची घडी घालत होती.

"खोलीसाठी विचारताय?"

"खोलीसाठी."

"मग चालेल. उगाच दुसरं काही मनात आणू नका."

आणि तीच चादर उलगडून पुन्हा घडी घातली. मी खोटं बोललो होतो. खोली नसती तरी विचारलं असतं.

नोंदणी कचेरीबाहेरच्या फलकावर आमची नोटीस महिनाभर लागली होती. चिरंजीव त्याच भिंतीवर साहेबांचे कागद डकवून जात. वाचायची सवय नाही. काल सकाळी नोंद झाली. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. पहिलं आमच्या ऐपतीत नव्हतं, दुसरं तेवढं पाहिलं. कारकुनाने तिच्या पत्त्याच्या जागी "रा. सदर" लिहिलं. तिने विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "म्हणजे वरचाच पत्ता. यांचा तोच तुमचा." तिने ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. एकोणीस वर्षांत तिचा पत्ता पहिल्यांदा कागदावर आला. दाखल्याची नक्कल जोडली आहे.

तेव्हा घरमालक, त्यांचे वकील, उमेदवारसाहेब आणि माझे चिरंजीव या सर्वांस कळवण्यात येतं की यापुढे या खोलीत यायचं असेल तर दार वाजवून, माझ्या बायकोला विचारून यावं.

सही: (सुतार)

वरील सही आमच्यासमोर झाली. लिहिणारा शुद्धीवर होता आणि चिडलेला होता.
साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचा शिंपी. सही.
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स. सही.

ठिकाण: वर लिहिलेली खोली
तारीख: मतदानाला तीन दिवस बाकी