कॅबिनेटच्या जाळीतला धूर

प्रिय संगमेश्वर,

मागच्या सोमवारी सकाळी लातूरच्या ऑफिसात नेहमीप्रमाणे संगणकासमोर धूप लावला आणि नामस्मरण करता करता थांबलो. धूर वर जात नव्हता. कॅबिनेटच्या जाळीत ओढला जात होता, कुणी आतून श्वास घ्यावा तसा.

हे यंत्र तू नांदेडात जुळवून दिलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, आता पाया खणण्याआधीच माणसाला पडद्यावर त्याच्या इमारतीतून फिरवून आणीन. दोन वर्षं फिरवलंही. मग श्रावणात मंगल कार्यालयाचं काम ठरवायला ट्रस्टचे अध्यक्ष रेवणप्पा आणि चार विश्वस्त समोर बसले. पडद्यावर आम्ही दारातून आत गेलो, जिना चढलो आणि गॅलरीत पोचताच पडदा काळा. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. रेवणप्पा हसले, "सिद्धराम, तुमच्या हॉलात लाईट न्हाई का?" मी तिथंच तुला फोन लावला, स्पीकरवर. "जुनं ग्राफिक्स कार्ड नवं म्हणून माझ्या गळ्यात मारलंस. चोर हायेस तू." तू एवढंच म्हणालास, "सिध्या, उघडून तरी बघ." मी फोन बंद केला. त्या विश्वस्तांपैकी एकाच्या जावयानं तुझी दहा यंत्रांची ऑर्डर काढून घेतली, हे महिन्यानं कळलं. तरी मी तुला फोन केला नाही.

तीन महिने ते कार्ड सोडून बाकी सगळं तपासलं. ड्रायव्हर पुसून नवा टाकला, मग जुना. चित्रातल्या सावल्या, काचेतली प्रतिबिंबं कमी केली. पॉवर सप्लाय बदलला. कार्डाचं तापमान नव्वदच्या पुढे चढताना डोळ्यांनी पाहायचो, पण कॅबिनेट उघडायला हात धजला नाही. ते कार्ड चांगलं निघालं तर काय, हीच भीती असावी.

सोमवारी उघडलं. कार्डाच्या पंख्यांच्या पात्यांवर काळा, चिकट थर, माझ्याच रोजच्या धुपाचा. एक पंखा तर फिरतच नव्हता. कार्डावरचा नंबर तुझ्या बिलावरचाच. ब्रशनं, स्पिरिटनं साफ केलं, चिपवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. दुपारी पडद्यावरच्या त्याच गॅलरीत तासभर उभा राहिलो. सगळं लख्ख दिसत होतं. मला मात्र तिकडे बघवेना.

तुला फोन करून माफी मागावी, असं घरी शिवकांताजवळ बोललो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "चारचौघांत आळ घेतलाव, अन् आता कानात माफी मागता व्हय?" त्यानंतर सात दिवस पूजेत मन लागलं नाही.

आज सकाळी रेवणप्पा पुन्हा चित्र बघायला आले, तेच पाच जण. कार्ड बदललं म्हणालो असतो तर काम तिथंच मिळालं असतं. मी आधी धुपासकट सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "मग देवालाच वॉरंटी मागा की!" सगळे हसले, रेवणप्पा सोडून. ते उठत म्हणाले, "खोटा आळ घेणाऱ्याच्या हाती हॉल द्यायचा का, बघू." ज्यांच्या जावयानं ऑर्डर काढून घेतली होती, त्यांनी मात्र जाताना दारातूनच जावयाला फोन लावला.

फोनवर बोललेलं तू कुणाला दाखवू शकणार नाहीस, म्हणून हा कागद. संगमेश्वरनं दिलेलं कार्ड नवं आणि चांगलं होतं, दोष माझा होता. ज्याला दाखवायचं त्याला दाखव. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आहे, आणि पाकीट पोस्टात टाकूनच आज धूप लावणार आहे, उघड्या खिडकीत.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
सिद्धराम शिवलिंगप्पा बिडवे