खिळ्यांचे की बिनखिळ्यांचे?

कायानी,
३ ऑक्टोबर २०१८

चि. ओस्मो यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि सोबतचं कात्रणांचं बाड पोचलं. हिवाळी टायरांच्या चाचण्यांचे इतके तक्ते एका पाकिटात मावतात हे मला ठाऊक नव्हतं. पोस्टमनने ते दोन्ही हातांनी आणून दिलं आणि कुणाचं मृत्युपत्र आहे का असं विचारलं. मी म्हटलं, भावाचं आहे, पण तो जिवंत आहे, फक्त इंजिनिअर आहे.

तुझ्या नादाने ऑगस्टात ही पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी घेतली, ती गुणी निघाली यात वाद नाही. जुन्या डिझेलसारखी खोकत नाही, पेट्रोलही बेतानेच पिते. पण पहिलं दव गोठलं की टायर बदलायला हवेत, आणि बर्फावर पकड धरणाऱ्या लोखंडी खिळ्यांचे घ्यावेत की बिनखिळ्यांचे, इथेच माझं घोडं अडलंय. तू तिकडे दक्षिणेत बसून बिनखिळ्यांचे म्हणतोस. इथे टायरच्या दुकानातल्या बाई माझ्याकडे दयेने बघतात आणि म्हणतात की दक्षिणेतल्या लोकांचं ऐकायचं असेल तर दक्षिणेतच राहावं.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. फोनवर आपण दोघे हवामानापलीकडे जात नाही, म्हणून लिहून कळवते. मला आईची काळजी वाटते. तिला आता उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक कळतो, पण त्याने तिचं कधी काही अडलं नाही. गेली कित्येक वर्षं दर मंगळवारी मी पोचते आणि बूट काढेपर्यंत कॉफी तयार असते, शेजारी वेलदोड्याचा पाव. आता मात्र मी दारात उभी राहते तर ती दचकते, कोण आहे म्हणून विचारते, आणि कॉफीचं भांडं कोरडं. काल म्हणाली, तिला वाटलं मी उद्या येणार. मंगळवार विसरणारी आई मी आजवर पाहिली नव्हती रे.

इथल्या वृद्धनिवासात डिसेंबरपासून एक खोली रिकामी होतेय. नोव्हेंबर संपायच्या आत हो की नाही ते कळवायचंय. आईला हळूच विचारलं, तर चक्क चालेल म्हणाली. त्या हो म्हणण्याचीच मला जास्त धास्ती वाटते. तुझं मत कळव, आणि टायरांचंही.

रस्ते गोठले तरी आपली माया वाहती राहू दे.
तुझी,
इर्मेली

तुर्कू,
९ ऑक्टोबर २०१८

ती. इर्मेलीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मन खट्टू झालं. दोन दिवस काय लिहावं सुचेना, म्हणून आधी टायरांबद्दल लिहितो. तिथे निदान मला उत्तर ठाऊक आहे.

हायब्रिडला बॅटरीचं वजन असतं, तेव्हा जादा भार पेलणारेच टायर घे, यात कंजुषी नको. दुसरं, विजेवर निघताना चाकांवर एकदम जोर येतो, म्हणून बर्फावर पायाचा अंगठाच टेकवायचा, अख्खा पाय नाही. तुझा पाय मला माहीत आहे. तिसरं, खिळ्यांचे टायर रस्त्याला जास्त घासतात, पेट्रोल जास्त जातं, मग हायब्रिड घेतली कशाला? आणि त्यांचा तो करकराट! शांत गाडी घ्यायची आणि तिच्या पायात खडखडणारे बूट घालायचे, याला काय म्हणावं? माझे बिनखिळ्यांचे आहेत आणि चार हिवाळ्यांत मी एकदाही घसरलो नाही. तुर्कूत बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकतात हे तू आता म्हणशील. म्हण.

आईचं वय अठ्ठ्याऐंशी आहे, ताई. आपल्याला पटो न पटो, हे कधीतरी व्हायचंच होतं. पण घाई नको. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, संतदिनाला मी येतो, बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावू आणि तिला डोळ्यांनी पाहून ठरवू. तिने घराजवळच्या त्या पुलापलीकडे कायमचं जावं ही कल्पनाच मला सोसत नाही. आपण शाळेतून यायचो तेव्हा ती खिडकीची झडप उघडून बसायची आणि आपण पुलावर भांडलो तर घरात आल्यावर दोघांनाही शिक्षा व्हायची, आठवतं?

टायरांवरून वाद झाला तरी लोभात घट नको.
तुझा,
ओस्मो

कायानी,
२४ ऑक्टोबर २०१८

चि. ओस्मो यास,
अ. उ. आ.

आधी कबुली. तुझे बिनखिळ्यांचे टायर घेणार होते, दुकानातल्या बाईंना तसं सांगूनही ठेवलं होतं. पण शुक्रवारी सकाळी पेट्रोलपंपाच्या चौकात रस्ता आरशासारखा चकचकत होता. मी अंगठाच टेकवला होता, शपथेवर सांगते. तरी गाडी निमूटपणे बाजूला वळली आणि पंपवाल्याच्या शोभेच्या झुडपात जाऊन बसली. गाडीला ओरखडाही नाही. झुडूप मात्र आता कधी फुलेल असं वाटत नाही. पंपवाला बाहेर आला, चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं की उन्हाळी टायरांवर उन्हाळा शोधायला निघालात का. तिथूनच टायरच्या दुकानात गेले आणि खिळ्यांचे घालून घेतले, जादा भाराचे. कर काय करायचं ते.

आवाज करतात, नाही म्हणत नाही. कोरड्या डांबरावर वाटाणे भाजल्यासारखं वाटतं.

आता खरी बातमी. काल मंगळवारी आईकडे गेले आणि दार उघडलं तर कॉफीचा वास! आई खुर्चीत ताठ बसलेली, कप मांडलेले, पाव कापलेला. वर मलाच टोमणा, आज पुलावर फार हळू होतीस, म्हातारी झालीस का. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तिला नवीन गोळ्या दिल्यात, त्यांचा गुण असावा. खोलीबद्दल मी वृद्धनिवासाच्या बाईंना थोडं थांबा म्हणून सांगितलंय. तू ये, बघ, मग बोलू.

येताना तुर्कूची मोहरी आण, इथली मिळमिळीत असते. माया आहे तेवढी सांभाळून आण.
इर्मेली

तुर्कू,
६ नोव्हेंबर २०१८

ती. इर्मेलीताईस,
सा. न. वि. वि.

तुझी सर्दी उतरली असेल अशी आशा करतो. तापातही तू दाराच्या फटीतून मोहरीची बरणी तेवढी ओढून घेतलीस आणि मला आत येऊ दिलं नाहीस, त्याचा राग नाही. पण त्यामुळे आईकडे मी एकटाच होतो, आणि जे पाहिलं ते आता एकट्यानेच लिहावं लागतंय.

ताई, तू जे सांगितलंस त्यातलं मला काहीच दिसलं नाही. शनिवारी इतक्या लांबून गाडी हाकत गेलो, दार उघडलं, तर आई दचकून उभी राहिली आणि हातातलं सुयांवरचं विणकाम खाली पडलं. कोण आहे, कोण आहे म्हणत भिंतीला टेकली. मी आहे म्हटल्यावर रडायलाच लागली, की मुलगा आला आणि घरात कॉफी नाही. दफनभूमीतून परत आणलं, मग मी दुकानात जाऊन आलो, तेव्हाही तेच. रविवारीही तेच. टायरांचं म्हणशील तर माझी हायब्रिड इतकी अलगद गेली की अंगणात पोचेपर्यंत तिच्या मांजरीनेही मान वर केली नाही. पण आईची ही दशा बघून त्याचं कौतुक तरी काय करायचं?

निघताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, खोली घेऊन टाका, मला आता माझाच भरवसा वाटत नाही. गाडी वळवून निघालो आणि पुलापाशी बाजूला थांबून बराच वेळ रडलो. तुला हे फोनवर सांगू शकलो नसतो.

गोळ्यांच्या भरवशावर राहू नकोस. वृद्धनिवासाच्या बाईंना हो कळव. तुला मी कठोर वाटलो तरी माझ्यावरचा लोभ काढून घेऊ नकोस.
ओस्मो

कायानी,
१४ नोव्हेंबर २०१८

माझ्या अतिशहाण्या भावास,
अ. उ. आ., जरी लायकी नसली तरी.

तुझं पत्र वाचून आधी मी चिडले. तू आईला तीन वेळा पाहिलंस आणि निकाल लावून मोकळा झालास. मी दर मंगळवारी जाते आणि हल्ली दर मंगळवारी कॉफी तयार असते. माझी आई एक आणि तुझी आई दुसरी असं कसं होईल? रागात पत्र फाडणार होते. फाडता फाडता तुझी ती बढाईची ओळ परत वाचली, मांजरीने मान वर केली नाही ती. आणि फाडायचं राहूनच गेलं.

ओस्मो, आईला दिसत नाही. ती गाडी ऐकते! जुनी डिझेल पुलावर आली की ती उठून भांडं लावायची. ऑगस्टात मी तुझ्या नादाने बिनआवाजाची गाडी घेतली, पुलापासूनचा उतार बॅटरीवर चोरपावलांनी उतरायला लागले, आणि बरोबर तेव्हापासून आई “बिघडली”. खिळे लागले आणि आई “सुधारली”. मग तू आलास, तुझ्या अलगद चालणाऱ्या चाकांवर.

काल जाऊन तिला विचारलं. गाड्यांचा आवाजच नसतो हे सांगितल्यावर तिने ते माझ्याकडून परत परत वदवून घेतलं. मग म्हणाली, महिनोन्महिने तिला वाटत होतं की कानही गेले आणि डोकंही चाललं. माणसं भिंतीतून आल्यासारखी अचानक समोर उभी राहतात आणि तिला दिवसही आठवत नाही. मंगळवार ती कधीच विसरली नव्हती रे, आपली लाज झाकायला उद्याचं म्हणाली होती. म्हणूनच ती खोलीला हो म्हणत होती, कुणावर ओझं नको म्हणून. मग ती हसायला लागली, आणि मी रडायला. आपण दोघे शिकलेसवरलेले, आईची अक्कल कॉफीच्या भांड्यावरून मोजत बसलो.

आता तुझ्या तक्त्यांत बघ, यासाठी एखादा रकाना आहे का.
तरीही तुझ्यावर जीव असलेली,
इर्मेली

तुर्कू,
१९ नोव्हेंबर २०१८

ती. इर्मेलीताईस,
सा. न. वि. वि.

रकाना आहे. बाहेरचा आवाज असं त्याचं नाव आहे आणि तो जितका कमी तितके गुण जास्त. तुला पाठवलेल्या कात्रणात मीच त्याखाली लाल रेघ मारली होती. मला फार लाज वाटते. मी आईला घरातून काढायला निघालो होतो, ते माझ्या शांत टायरांच्या जोरावर.

उपाय म्हणून सुचवतो, मी पुलावर हॉर्न वाजवीन. टायर मात्र बदलणार नाही, तुर्कूत खिळ्यांवर फिरणाऱ्याकडे शेजारी माना वळवून बघतात, आणि मत ते मत. आईला विचारून कळव. या चुकीपोटी मला थोडे दिवस कमी लोभ मिळाला तरी चालेल.
ओस्मो

पुलाकडचं घर,
८ डिसेंबर २०१८

चि. इर्मेली हिस,
अनेक आशीर्वाद.

कॅलेंडरच्या मागे जाड काळ्या पेनाने लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर त्यांना समजावून वाच.

हॉर्नचं मी ओस्मोला फोनवर नाही म्हणून सांगितलं. अंगणात हॉर्न वाजवून येणाऱ्याला मी कॉफी देत नाही, मग तो पोटचा असला तरी. उन्हाळ्यात तुम्ही खिळ्यांचे टायर उतरवाल तेव्हाचं मी बघून ठेवलंय. गोठ्यात मान्सिक्की गाईची घंटा अजून टांगलेली आहे, ती तुझ्या गाडीला बांधू. गाय संध्याकाळी त्याच पुलावरून यायची आणि तिची वाट बघायला मला कधी डोळे लागले नाहीत.

परवा सहा डिसेंबरला आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या मेणबत्त्या खिडकीत लावून बसले होते. कुणी येणार असं ठरलं नव्हतं. पुलावर वाऱ्याने बर्फ टिकत नाही, तिथे एकदम करकर झाली. तुझी गाडी नव्हती. तू पुलावर वेग कमी करतेस, हा लहानपणापासून करत नाही. मी उठले, भांडं लावलं, पाव कापला. ओस्मो दारात आला तेव्हा त्याचा कप भरत होते. बराच वेळ तो पायपुसण्यावरच उभा होता, बूटही काढेना. टायरांचं मी विचारलं तर म्हणाला, दुकानात दुसरे शिल्लक नव्हते. तुझ्या भावाला खोटं बोलता येत नाही, तू त्याला हसू नकोस. तीन कप प्यायला.

वृद्धनिवासाच्या बाईंना गेल्या आठवड्यात मीच फोन केला होता. म्हटलं, ती खोली ज्याच्याकडे कुणी येत नाही त्याला द्या. माझी माणसं मला पुलावरूनच ऐकू येतात.

मंगळवारी ये. कॉफी संपत आलीये, घेऊन ये, आणि तुझ्या म्हाताऱ्या आईचा लोभ आहे तो वापरत राहा.
तुझी आई,
साइमी