भाऊ म्हणून सही

प्रिय ताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "माझ्यानं नाही होणार रे. तूच सही कर, तू त्याचा भाऊच आहेस." आणि फोन ठेवून दिलास. मी दवाखान्याच्या जिन्यात फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. झाडणाऱ्या बाईनं दोनदा सरका म्हटलं तेव्हा हललो. उद्या सकाळी दहाला डॉक्टरीणबाई माझी वाट बघणार आहेत. त्यांच्याकडच्या कागदावर 'रुग्णाचा भाऊ' असं लिहिलंय आणि मी जिथे सही करायची तिथे पेनानं फुली मारून ठेवलीय. सही झाली की तुझ्या भावाच्या, आपल्या पैलवानाच्या तोंडातली नळी काढतील. अकरा दिवस त्याचा श्वास मशीनच घेतंय, डोक्यात आता काही उरलेलं नाही, असं ते म्हणतात. एवढं तुला सांगून झालंय. जे सांगितलं नाही ते आज लिहितो. फोनवर तू रडतेस आणि मी खोटं बोलतो, म्हणून कागदावर. पानांचे फोटो काढून पाठवीन, टपालाची वाट बघण्याइतका वेळ नाही.

तुला वाटायचं, आम्ही इथे मजेत आहोत. वाटणारच. पैलवान तुला रोज फुलझाडांचे फोटो पाठवायचा ना? ती झाडं शेजाऱ्यांची. आमच्या मागच्या दारी सिमेंटच्या चार पायऱ्या आणि कचऱ्याचा डबा, एवढीच बाग. पण ते घर मिळवायला आमचा जीव मेटाकुटीला आला होता. दोन वर्षांच्या कामाच्या व्हिसावर आलेला माणूस म्हटला की घरमालकाचा चेहराच बदलतो. व्हिसा संपला की पळून जाल म्हणतात. आधीच्या घरमालकाचं पत्र आणा म्हणतात. अगं, आम्ही जन्मात कधी भाड्यानं राहिलो नव्हतो, आधीचा घरमालक काय पैदा करायचा? सहा जणांनी वाटेला लावलं. सातवी ही मालकीण, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि अट एकच, घर फक्त एका कुटुंबाला देणार, चार गडी एकत्र राहणार असतील तर नाही. मी पापणी न लववता सांगितलं, आम्ही सख्खे भाऊ. तिनं पासपोर्ट उघडले. आडनावं वेगळी! मग मी ठोकून दिलं, आई एक, वडील दोन. ताई, तुझ्या आईचं दुसरं लग्न मी त्या फॉर्मवर लावून दिलं आणि तेही माझ्या बापाशी. बाहेर आल्यावर पैलवान इतका हसला की फुटपाथवरच बसला. म्हणाला, "आई वरून खाली येऊन तुझं थोबाड फोडेल बघ."

तो भाडेकरार कंपनीत दाखवावा लागला, कंपनीनं तो व्हिसाच्या ऑफिसात पाठवला, तिथलीच माहिती दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर आली. आता सगळ्या ठिकाणी आम्ही भाऊ आहोत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

कामाचं तुला आम्ही 'मटणाचा कारखाना' एवढंच सांगत होतो. मी सुरीवर होतो, तो पाण्यावर. आकड्यांना लटकलेल्या मेंढ्या समोरून सरकत येतात. माझ्या वाट्याला उजवा खांदा. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, उजव्या हातात सुरी, एक मेंढी गेली की दुसरी समोर. मान वर करायला फुरसत नाही. थंडी अशी की पाळी संपल्यावर सुरी धरलेली बोटं दुसऱ्या हातानं उलगडावी लागतात. पैलवान खाली पाण्याच्या पाइपनं रक्त गटारात ढकलायचा. नावाला पैलवान, अंगात जीव काडीचा. पहिला महिनाभर तो रोज ओकला. मी एकदाही ओकलो नाही. शेजारच्या माणसाची दोन बोटं गेली त्या दिवशी आकड्यांचा पट्टा चार मिनिटं थांबला, आणि आमचा मुकादम घड्याळाकडे बघत होता. मीही बघत होतो, ताई. मला वाटायचं, आपण पैलवानापेक्षा कणखर आहोत. याचा मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

सुरी पाळी संपल्यावर जमा करायची असते. हात घेऊन मी घरी यायचो. मालकीण दर तीन महिन्यांनी घर तपासायला यायची. आम्ही राहायला आलो त्या दिवशी तिनं भिंतीभिंतीचे फोटो काढून ठेवले होते, ते हातात धरून ती एकेक डाग जुळवून बघायची. एक डाग वाढला की माझी पाचावर धारण बसायची. घर गेलं की पत्ता गेला, पत्ता गेला की व्हिसाचं काय, हे डोक्यात घोळायचं. त्यात पैलवान वेंधळा. ओला टॉवेल हीटरवर वाळत टाकायचा, भिंतीला बुरशी धरायची. अंघोळ झाल्यावर खिडकी उघडायला विसरायचा. पहिल्यांदा मी ताटली फेकली, ती भिंतीला लागली. पुढच्या वेळी त्याला लागली. टॉवेलवरून मी त्याच्या कानाखाली वाजवली. एकदा खिडकीवरून त्याला अनवाणी मागच्या दारी काढलं आणि आतून कडी लावली. बाहेर बर्फ साचला होता. तासाभरानं उघडलं तर त्याचे पाय पांढरेफटक पडलेले, आणि तो काय म्हणाला असेल? "खिडकी उघडून ये ना आधी, विसरशील." त्याचा पुढचा दात कामावर पडला असं त्यानं तुला सांगितलं होतं, आठवतं? तो कामावर पडला नव्हता. असं सांग म्हणून मी त्याला म्हटलं नव्हतं, त्यानं आपणहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरकडे नेलं, औषध आणलं, मऊ भात करून घातला, पाया पडलो. आठवडाभर चांगला वागलो. असं मी पाच-सहा वेळा चांगला वागलोय.

गेल्या वर्षी दोघांचा व्हिसा वाढला आणि यंदा मला बायको-मुलीला आणायची परवानगी मिळाली. माझी लेक मला फोनमधला माणूस समजते. आईनं फोन ठेवला की मी फोनच्या आत झोपतो, असं ती शेजारच्या पोरांना सांगते. तिला आणायचं तर नियम असा की घर एकट्या माझ्या नावावर हवं आणि तिच्यासाठी वेगळी खोली हवी. मालकीण तयार झाली. नवा करार माझ्या नावानं, आणि भावानं महिनाअखेर घर सोडायचं. मी पैलवानाला जेवताना सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि त्याच्या ताटातलं मला वाढलं. त्या दिवसापासून पाळी सुटली की तो घर शोधत फिरायचा. एकटा पुरुष, तात्पुरता व्हिसा, पुढे दात नाही. त्याला कोण घर देणार? तो परत आला की मी तोंडाकडे बघून ओळखायचो आणि विचारायचो नाही. मी त्याच्याबरोबर एकदाही गेलो नाही. महिना संपायला आठ दिवस उरले तेव्हा त्यानं कारखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत गादी टाकता येईल का, म्हणून मुकादमाला विचारलं होतं. हेही मला मुकादमाकडून कळलं.

मालकीण तपासणीला आली त्या दिवशी त्याला सुट्टी होती, मी पाळीवर. दुपारी तीनला घरी आलो तर ती स्वयंपाकघरात कागद पुढ्यात घेऊन बसलेली. तुम्ही भाऊ नाही आहात, म्हणाली. तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात. नवा करार रद्द, जुनाही रद्द, चार आठवड्यांत घर खाली करा. मी विचारलं, कोण म्हणालं? तर म्हणाली, तुमचा भाऊच म्हणाला. ती निघून गेली. पैलवान मागच्या दारी वरच्या पायरीवर बसून माझे कामाचे बूट पुसत होता. मी मागच्या दारी गेलो. पुढचं तुला माहीत आहे, पायऱ्यांवरून तोल जाऊन पडला. ॲम्ब्युलन्सवाल्याला मी तेच सांगितलं, पोलीस आला त्यालाही तेच, आणि तुला तेच. पायऱ्या ओल्या होत्या, सगळ्यांना पटलं.

पाचव्या दिवशी मालकीण दवाखान्यात आली. मी तेव्हा ओल्या कपड्यानं त्याचे ओठ पुसत होतो. ते बघून ती आत आली आणि तिनं सांगितलं की त्या दिवशी तिनं नक्की काय विचारलं होतं. पैलवानाला ती म्हणाली होती, बायको येणार म्हणून सख्ख्या भावाला रस्त्यावर काढतो, हा काय माणूस आहे? असल्या माणसाला मी घर देऊ का? त्यावर हा घाबरला. माझं नाव खराब होतंय, माझ्या हातचं घर जातंय, असं त्याला वाटलं आणि तो बोलून बसला. म्हणाला, तो माझा भाऊ नाही हो, त्याच्यावर माझी काहीच जबाबदारी नाही, तरी इतके दिवस त्यानं मला सांभाळलं, त्याला नावं ठेवू नका. एवढंच बोलला होता तो. हे सांगून मालकीण रडली. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, कागद काहीही म्हणोत, मला तुम्ही भाऊच दिसता. तिनं नोटीस फाडली आणि नवा करार पर्समधून काढून माझ्या हातात दिला. तो आत्ता माझ्या खिशात आहे. उद्या मी सही केली की पोलिसांची फाइल बंद होईल, घर माझं राहील, आणि दोन महिन्यांत माझी लेक त्या खोलीत झोपेल. मागच्या दारी तिसरं कुणी नव्हतं. आणि काल तर तू स्वतःच्या तोंडानं मला त्याचा भाऊ म्हणालीस.

तो पडला नाही, ताई. मी त्याला बखोट धरून उठवलं आणि तोंडावर ठोसा मारला. तो पायऱ्यांवरून खाली गेला, तो उठायच्या आत मी खाली होतो. "ऐक तर," म्हणाला. मी ऐकलं नाही. त्याचे केस धरले आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. दोनदा. पहिल्या वेळी मी रागानं बेभान होतो. दुसऱ्या वेळी राग संपला होता, हे मला स्वच्छ आठवतं, आणि तरीही हात थांबला नाही. ॲम्ब्युलन्सला फोन करायच्या आधी मी पाइप लावून पायरी धुतली. हे तुला सांगायला अकरा दिवस लागले, आणि तू काल ते वाक्य बोलली नसतीस तर कदाचित सांगितलंही नसतं. उद्या दहाला मी डॉक्टरीणबाईंकडे जाणार नाही, त्याआधी पोलीस चौकीत जाईन. मी त्याचा कुणी नाही आणि त्याला मारणारा मीच, हे लिहून देईन. बायकोला अजून काही माहीत नाही, तिला आज संध्याकाळी सांगेन. उद्या मी चौकीत लिहून दिलं की दवाखान्यातून तुला फोन येईल, कारण आता कागदावरही त्याचं नात्याचं माणूस तू एकटीच. तू विचारशील ते सगळं ते सांगतील. घाई करू नकोस. यायचं असेल तर ये, ते थांबतील, मी तसं विचारून ठेवलंय. मला भेटू नकोस. सही तुला करावी लागेल, पण आपल्या हातून भाऊ गेला असं आयुष्यात कधी मनात आणू नकोस. त्याला मी मारलं.

आजवर तुझाच असलेला,
मी