इंग्रजी शिवी कुणाला लागते

वन्सं,

दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघे कसे आहेत? औषध घेताय की नुसतं उशाशी ठेवून बघताय? माझी तब्येत ठणठणीत, फक्त तोंडाने दगा दिला. नोकरी जायची वेळ आलीय, म्हणून पत्र. (फोनवर मी ओरडते, हे तुमचंच म्हणणं.)

तुमचा थोरला आमच्या लाँड्रीत सुपरवायझर झाल्यापासून दिवसभर इंग्रजीत शिव्या देतो. वाफ कमी आली की शिवी, चादर फाटली की शिवी, चहा फक्कड झाला तरी तीच शिवी. आधी मला वाटलं, देवाचं नाव घेतो. मग विचारलं, अर्थ काय रे? तर म्हणतो, "मामी, त्याला अर्थ नसतो. नुसतं मोकळं वाटतं." मला पटलं. आपली शिवी घर विचारत जाते, कुणाची आई, कुणाचा बाप. ह्याची छताला लागते नि तिथेच राहते. शिवी असावी तर अशी, म्हटलं.

पण परवा आमच्या बटणवालीने (बटणं लावते ती, माझ्याच वयाची, तोंडात शब्द नाही) एका कोटाला दुसऱ्याच कोटाची बटणं लावली. ह्याने तोच शब्द काढला, पण या वेळी बोट तिच्याकडे करून. तिला इंग्रजी ओ की ठो येत नाही. तरी तिचा हात थांबला, सुई तशीच कापडात. वन्सं, अर्थ नव्हता तर सुई का थांबली? तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. मला वाटतं, अर्थ त्या बोटात होता. आणि इंग्रजी तो एवढ्यासाठी काढतो, की स्वतःच्या कानांना लाज वाटू नये. मराठीत हेच बोलायची त्याची छाती नाही, तुम्ही वाढवलंय त्याला.

मी मात्र मराठीत बोलले. इस्त्री बाजूला ठेवून, सावकाश, नीट समजेल असं. मालक म्हणाले, सोमवारपर्यंत त्याची माफी मागा, नाहीतर येऊ नका. आणि हा म्हणतो, "माझी इंग्रजी होती, ती धरत नाहीत. मामी, तू आईवरून बोललीस!"

बोलले. घरी येऊन चप्पल काढताना ध्यानात आलं, त्याची आई म्हणजे तुम्ही. माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही काढलीत, आणि भरल्या लाँड्रीत मी तुमचाच उद्धार केला. दिली त्याला, लागली तुम्हाला. म्हणून माफी तुमची मागते, पाय धरून. त्याची नाही.

तुमची भावजय

ता. क. खरं काम हे. सोमवारच्या आत त्याला समोर बसवा आणि त्या शब्दाचा अर्थ तुमच्या तोंडावर मराठीत सांगायला लावा. सांगू शकला, तर मी चारचौघांत त्याची माफी मागेन. जीभ अडखळली, तर त्याने बटणवालीची मागावी.

आणखी ता. क. हे पत्र भावोजींना दाखवू नका. मी त्याच्या बापावरूनही बोलले होते, आणि ते मागे घ्यायचा माझा विचार नाही.