दादाच्या छातीतला सूर

ता. ३ जून

चि. ठमीस,
अ. आ. घरी आलो. हृदय थकलं म्हणून छातीत पंप बसवलाय, कमरेला बॅटऱ्या. तो रक्त सलग ढकलतो, त्यामुळे मनगटाला नाडी लागत नाही. तुझी वहिनी सवयीनं हात धरते आणि पांढरी पडते. तिला म्हटलं, भूत झालो तरी व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान मीच चालवणार.

एक गंमत सांगतो. पंप बारीक गुणगुणतो. मी दुकानात शिरलो की भिंतीवरच्या व्हायोलिनच्या तारा आपोआप त्याच सुरात बोलतात. आता सूर लावायला दुसरं साधन कशाला? दुरुस्तीला आलेलं तुझं व्हायोलिन छातीवरूनच लावून पाठवतोय. तुझ्या क्लासातल्या मुलांचीही पाठव. माया आहेच, तारेसारखी ताणू नकोस.

तुझा दादा

ता. १९ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. मुलांची व्हायोलिनं मिळाली. काम नेहमीसारखं सुबक, पण माझ्या व्हायोलिनशेजारी वाजवली तर उतरलेली लागतात. जुलैत आलेली थोडी, परवा आलेली जास्त. प्रवासात तारा ढिल्या झाल्या म्हणावं, तर सगळ्या एकाच मापानं कशा होतील? तुझा हात चुकत नाही. म्हणजे छातीतलाच सूर उतरतोय, आणि तुझा कानही त्याच्याबरोबर उतरतोय, म्हणून तुला कळत नाही.

फोनवर तू हसण्यावारी नेलंस. म्हणून जुलैचं एक आणि परवाचं एक परत पाठवतेय. दोन्ही एकदम वाजव आणि तसाच दवाखान्यात जा. मला फार भीती वाटतेय रे. वहिनीला नमस्कार, आणि माझा राग तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

तुझी ठमी

ता. १० सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. आ. दोन्ही वाजवली, फरक ऐकला आणि तसाच दवाखान्यात गेलो. पंपात रक्ताची गुठळी धरली होती. उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पंप बदलला. तुझ्यामुळे आहे मी.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी दवाखान्यात नव्हतीच. दुकान बंद करायला गेली, तर मी नसताना भिंतीवरची सगळी व्हायोलिनं गुणगुणत होती. तिचा पाय निघेना. हे थांबलं तर मी गेलो, असं तिला वाटलं. मी परत येऊन दुकानात पाऊल टाकलं तशी सगळी गप्प झाली, आणि जरा वेळानं नव्या पंपाच्या सुरात बोलू लागली. वहिनी म्हणते, त्यांनी माझी जागा धरून ठेवली होती. मला हसू आलं नाही. तुझं व्हायोलिन काय म्हणतंय ते कळव, आणि या म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा दादा

ता. १६ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून खूप रडले. आता माझं ऐक. त्याच दिवशी माझंही व्हायोलिन आपोआप गुणगुणू लागलं, आणि ते थांबलेलं नाही. बंद पेटीतून अजून तुझा जुनाच सूर येतो. झाकणावर हात ठेवला की तळव्याला कळतं. मुलं त्या खोलीत बसायला तयार नाहीत.

काल तार सैल करायला खुंटी धरली होती. मग सोडून दिली. पुन्हा कधी तुझी जागा धरायची वेळ आली, तर एक तरी असू दे.

तुझी ठमी