मचूळ तळ्याचा मुक्काम

नांदेड,
दि. १२ डिसेंबर २०२४

ती. ज्ञानबादादास,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की कौशल्यावहिनी बोलतात आणि तू शेजारी बसून नुसती मान हलवतोस, असं त्यांनीच सांगितलं. ऐकू येणं फार कमी झालंय म्हणाल्या. तेव्हा म्हटलं, आपलं पत्रच बरं. वाचायला कान लागत नाहीत.

मे महिन्यात मी दवाखान्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खाटांशेजारी उभी राहिले, आता सकाळी उठून कुठे जायचं नाही याची सवय होईना. ह्यांनी एसटीच्या वर्कशॉपातून सुटल्यावर एक जुनी व्हॅन घेतली होती. ती तीन वर्षं खोलून-जोडून आता बरी पळते. एक लहानसा तंबूही घेतला आहे. बेत असा, की जानेवारीत आठ दिवस आपल्याच हिंगोली जिल्ह्यात हिंडायचं, पण लॉजवर उतरायचं नाही. जंगलाच्या कडेला, तळ्याकाठी, जिथे कुणी पावती फाडत नाही अशा उघड्या जागी राहायचं. ह्यांनी मोबाइलवर पुष्कळ शोधलं. पुण्याकडची तळी ढिगाने सापडली, आपल्याकडचं एकही सापडेना. मी म्हटलं, ती माहिती साखऱ्यात एका माणसाच्या डोक्यात आहे.

अजून एक सांगते, हसू नकोस. तुम्ही सगळे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचात ते मिरगापर्यंत बाहेर. मला नऊ वर्षांची असताना हट्ट्याला आत्याकडे शाळेत ठेवलं, त्यानंतर मी तळावर एकही मुक्काम केलेला नाही. आई-बाबा वर्षातले सात महिने जिथे राहिले त्या जागाच मला ठाऊक नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी तरी बघाव्यात.

जेवढ्या आठवतील तेवढ्या खुणा लिही. वहिनींना नमस्कार.

तुझ्या मायेवर धाकटीचा हक्क सांगणारी,
सीमा

———

साखरा,
दि. २१ डिसेंबर २०२४

चि. सौ. सीमास,
ज्ञानबाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीन बार वाचलं. तुझ्या वहिनीला वाचून दावलं तर ती हसून हसून बेजार. म्हणती, आपण जलमभर पालातून पक्क्या घरात यायसाठी तडफडलो, आन ही शिकलेली बाई पक्क्या घरातून पालात चालली. दत्तप्रसाद दाजीला ह्या वयात काहून तकलीफ देऊन राहिलीस तू. पण जाय. मला बरं वाटलं.

माझं इचारशील तर मेंढरं इकून दोन वर्सं झाली. चार जण बोलत बसले की मला कळत न्हाई, म्हून पारावर जायचं बी सोडलं. घरीच असतो.

आता ध्यान देऊन वाच. जागा कशी बघायची ते आधी सांगतो, कारण मी सांगितलेली जागा तशीच असंल का न्हाई देवाला ठाऊक. पाण्याला लागून उतरू नका. काठावर वाळल्या शेवाळाची, काटक्याची एक रेघ दिसती. पाणी तिथवर येऊन गेलेलं असतंय. त्या रेघेच्या वर साठ पावलं जायचं. पहाटंचा गारठा बी तिथं कमी लागतो. ओढ्याची वाळू गादीवाणी दिसती, तिथं अंग टाकू नये. झाडाखाली उतरायचं तर आधी मान वर करून वाळली फांदी हाय का बघायची. जनावराच्या पायवाटंवर पाल ठोकायचं न्हाई, ती त्यांची सडक हाय. आन उतरायच्या आधी जवळच्या वस्तीत जाऊन राम राम घालायचा. आमी कोण, कुठले, किती दिस राहणार, ते सांगायचं. फुकट जागेचं भाडं तेवढंच असतंय.

येलदरीच्या फुगवट्याला आपल्या अंगानं एक माळ हाय, दोन लिंब जोडीनं उभे हायेत. तिथं पयला मुक्काम करा. दुसरा डोंगराच्या अंगाला, जंगलाच्या हद्दीपाशी झरा हाय तिथं. पण गार्डाला इचारल्याबिगर आत पाऊल टाकू नका. तिसरं, सिद्धेश्वरच्या पाण्यावर मावळतीचं टेकाड. बाबांची आवडती जागा.

जवळा बाजारच्या अलीकडं एका तांड्यापाशी मचूळ तळं म्हून हाय. तिकडं जाऊ नको. पाणी तोंडात धरवत न्हाई, सगळी बरड, सावली न्हाई, वारा चहूकडून. आपला तळ तिथं पडायचा, पण जागा बेकार हाय.

गाडीत मीठ, दोरी आन जुनं धोतर असू द्या. दाजीला राम राम. लोभ हाय तसाच हाय, वाढवायला जागा असंल तर वाढव.

तुझा दादा,
ज्ञानबा

———

मचूळ तळ्याकाठून,
दि. १५ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वर जागेचं नाव वाचून तू कपाळाला हात लावशील. आधी सगळं क्रमाने सांगते.

येलदरीची जागा तू म्हणालास तशीच निघाली. दोन्ही लिंब आहेत. काठावरची रेघही दिसली, ह्यांनी मोजून साठ पावलं टाकली आणि मग सांगितलं की तुझी पावलं आणि त्यांची पावलं सारखी नसणार, म्हणून आणखी दहा. सकाळी पाण्यावर बदकांचा थवा उतरला. आम्ही चहा निवून गेला तरी बघत बसलो. दोन दिवसांसाठी गेलो होतो, तीन राहिलो.

डोंगराकडे मिना नावाची वनरक्षक भेटली, पंचविशीतली. हद्दीच्या आत मुक्काम नाही आणि विस्तव तर मुळीच नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. पण स्वतः मोटरसायकलवर पुढे होऊन हद्दीबाहेरचं गवताळ पठार दाखवलं. झरा तिथून हाकेच्या अंतरावर. तिच्या तळपायात काटा मोडून पिकला होता, तो मी काढून पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी ती डबाभर हुरडा घेऊन आली. ह्यांचं म्हणणं, आठ दिवसांत आम्ही एवढं कुणाशी नांदेडात बोलत नाही.

बाबांचं टेकाड मात्र राहिलं नाही. चहूबाजूंनी तारेचं कुंपण आहे, आत मोसंबी लावली आहे. मालकाने पाणी विचारलं, पण राहा म्हणाला नाही. दुपार कलली होती. जवळ दुसरी कुठलीच जागा माहीत नव्हती, म्हणून तू नको म्हणालेल्या जागी आलो.

तुझ्या सांगण्याप्रमाणे आधी तांड्यात गेलो. पेमा राठोड नावाच्या गृहस्थांनी खाटेवर बसवलं. कुठले विचारलं, मी म्हटलं, साखऱ्याच्या संतराम मेंढपाळाची मुलगी. आत त्यांची आई बसली होती, पारुबाई. सत्तरीच्या पुढची असेल. ती काठी टेकत बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, सोजरबाईची शाळेतली पोरगी का तू.

दादा, आपल्या आईचं नाव मी कितीतरी वर्षांनी परक्या तोंडून ऐकलं.

मग ती आमच्याबरोबर तळ्यापर्यंत चालत आली. मेंढरांचं वाघर, ते जाळ्याचं कुंपण, कुठे लागायचं, आईची चूल कुठे असायची, सगळं काठीने दाखवलं. ती नवी नवरी होऊन तांड्यात आली त्याच सालापासून दर हिवाळ्यात आपला तळ इथे पडायचा. बाजाराच्या दिवशी आई पहाटे उठून हट्ट्याला चालत जायची. तीन कोस जायचं, तीन कोस यायचं. एकदा सोबत म्हणून पारुबाई गेली. तिला वाटलं, काही विकायला चालली. तर आई शाळेच्या मागे विहिरीपाशी पदर पुढे ओढून उभी राहिली. मधल्या सुट्टीत मुली अंगणात आल्या, तेव्हा आईने हळूच बोट करून दाखवलं, ती दोन वेण्यांची माझी. पारुबाई म्हणाली, मग हाक मार की. आई म्हणाली, हाक मारली तर ती पाठी येईल, आणि पाठी आली तर तिची शाळा संपली. घंटा होईपर्यंत उभी राहिली आणि परत फिरली. वाटेत एवढंच बोलली, की वेण्या घट्ट घातल्यात, नणंद नीट बघते पोरीला.

दादा, हे खरं आहे का? तुला ठाऊक होतं का? पारुबाईचं वय झालंय, आईत आणि दुसऱ्या कुणात तिचा घोटाळा तर होत नसेल ना, असंही मनात आलं. आम्ही उद्या निघणार होतो, पण मी ह्यांना आणखी दोन दिवस राहू म्हटलं. पाणी पेमाभाऊ तांड्यातून पाठवतात. वारा तू म्हणालास तसाच आहे.

पत्राचं उत्तर लवकर दे, एवढी माया कर.

सीमा

———

साखरा,
दि. २५ जानेवारी २०२५

चि. सौ. सीमास,
आशीर्वाद, वि. वि.

पारू खरं बोलली. मला ठाऊक हुतं.

पयल्या सालचं तुला याद असंल नसंल. आई-बाबा तुला भेटून निघाले, तवा तू ओढ्यापर्यंत त्यांच्या मागं पळत आलीस. आत्यानं उचलून नेलं तर तिच्या हाताला चावलीस. मग चार दिस जेवली न्हाईस. मास्तरनं बाबांना सांगितलं, शाळेच्या दिवसात भेटू नका, लेकरू टिकायचं न्हाई. म्हून दिवाळी आन उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडं येऊन भेटायचं, एवढंच ठरलं. आई कबूल झाली, पण तिनं एक मागून घेतलं. वर्सातून एकदा तळ हट्ट्याच्या जवळ पडला पायजे. चहूकडं रब्बी उभी असायची, मेंढरं उतरवायला मोकळी जमीन त्या मचूळ तळ्याशिवाय न्हवती. एवढा जाणता माणूस आपला बाप, जागा बघावी तर त्यानं, आन दर साली तिथं तळ टाकायचा. लोक हसायचे.

एका साली तुला गोवर आला. तू शाळेत दिसली न्हाईस. आई दुसऱ्या दिवशी परत गेली, तिसऱ्या दिवशी परत. बाबा एकदा बी म्हणले न्हाईत की आता हलू. चारा सरला. मी मेंढरं दोन कोसावर चारून आणायचो. आठव्या दिवशी तू दिसलीस, तवा तळ हलला. दोन कोकरं गेली आमची त्यात.

मला तुझा राग आला हुता, आता सांगायला हरकत न्हाई. सोळा-सतरा वर्सांचा हुतो. मला चौथीतून काढलं आन तुझ्यापायी कोकरं मेली, असं डोक्यात बसलं. तुझा पयला पगार झाला तवा तू आईला चष्मा केलास. ती तो लावून समद्या साखऱ्यात फिरून आली. त्या दिवशी माझा राग गेला.

आईनं शपथ घातली हुती, पोरगी शिकून सवरून झाली की सांगू म्हणली. मग तुझी नोकरी, मग लगीन. मग आईच गेली. मला वाटलं, सांगायची येळ निघून गेली. तिकडं जाऊ नको म्हणलो ते त्याच्यामुळं. तरी जागा बेकार हाय हे खोटं न्हाई.

रागावू नको. रागावलीस तरी पत्र लिहीत जाय.

तुझा दादा

———

नांदेड,
दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. तुझं पत्र आलं तेव्हा हे बाजारात गेले होते, ते बरंच झालं.

मी इतकी वर्षं समजत होते, की मला हट्ट्याला ठेवून तुम्ही खाणारं एक तोंड कमी केलं. तसं कधी बोलले नाही, पण मनातून गेलं नव्हतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात सगळं मी केलं. औषधं, अंघोळ, पाठीला पावडर. सगळं चोख, जसं वॉर्डात करायचे तसं. पण तिच्याजवळ बसून एकदाही विचारलं नाही, की मी हट्ट्याला असताना तुला करमायचं का. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. याचं वाईट वाटतं, आणि ते वाटत राहील. तरी आता छातीवरचं काहीतरी उतरलं आहे, हेही खरं.

आणि तुझी चौथी सुटली, त्याबद्दल मी कधी विचारलं नाही. तेही देणं माझ्याकडे आहे.

आता कामाचं. येत्या पंधरा तारखेला आम्ही साखऱ्याला येतो. तू आणि वहिनी व्हॅनमध्ये बसायचं. तुझ्या तीन जागांतली एक कुंपणात गेली, नव्या कुणी शोधायच्या? ह्यांना जमीन सपाट दिसली की गाडी लावतात. वहिनींना सांग, भाकरी मी भाजणार आहे, त्यांनी फक्त नावं ठेवायची. नाही म्हणू नकोस. तुझ्या शेजारी गप्प बसायला मला चालतं.

येण्याची वाट मोकळी ठेव,
तुझी सीमा

———

साखरा,
दि. १० मार्च २०२५

चि. सौ. सीमास,
ज्ञानबा व कौशल्या या दोघांचे आशीर्वाद, वि. वि.

तुमी सोडून गेल्यापासून तुझ्या वहिनीनं गावात सांगायचं एक घर ठिवलं न्हाई. दाजीनं तिला पुढच्या शिटावर बसवलं, हे आधी सांगती. मग तुझ्या भाकरीचे कड जाड हुते, ते सांगती.

तुमच्यासंगं डोंगराकडच्या पठारावर मला लई दिसांनी झोप लागली. घरात पडलो की मला कायबी ऐकू येत न्हाई ह्याचं भ्या वाटतं. कोण आलं, कोण गेलं, समजत न्हाई. त्या पठारावर तसं वाटलं न्हाई. वारं अंगाला कळतं, माणूस चालत आला तर भुईला हात लावून कळतं. तू पहाटं उठून माझ्या अंगावर दुसरं पांघरूण घातलंस, ते बी कळलं मला. डोळे मिटून पडलो हुतो, कारण उठलो असतो तर तू ते काढून चहाला बोलावलं असतंस.

आता नवीन ऐक. मी घरी बसायचं सोडलं. आठ दिसाला एकदा मी आन तुझी वहिनी भाकरी बांधून एसटीनं निघतो, कुठं बी उतरतो आन चालतो. वस्तीत राम राम घालायचं, इचारपूस करायचं काम तिचं. जागा बघायचं काम माझं. लोक इचारतात, कुणाचं शेत शोधता. ती सांगती, आमच्या नणंदंला झोपायला जागा बघून राहिलो. लोक येड्यात काढतात. आमाला चालतंय.

तीन जागा नापास केल्या. एका ठिकाणी मधमाश्याचं मव्हळ लागलं हुतं, एका ठिकाणी ट्रॅक्टरची वाट जाती, तिसरी मला आवडली पण तुझ्या वहिनीला न्हाई. परवा चौथी घावली. पाझर तलाव हाय, मागं पळसाची राई, फुलं आता पडत आलीत. काठाच्या वर सपाट भुई, दोन पालं मावतील एवढी. वाळली फांदी न्हाई, जनावराची वाट न्हाई. पाणी मी पिऊन बघितलं, गोड हाय. वस्तीतल्या खेमा नावाच्या गड्याला इचारलं, तो म्हणला, या की, इथं कोण येतंय. मी तिथं दुपारभर बसलो. तुझी वहिनी निजली. म्यां दगड येचून साफ केलं.

पाणी चैतापर्यंत राहतं. त्याच्या आधी दाजीला घेऊन ये. जागा कुठं हाय ते पत्रात लिहीत न्हाई, न्हाईतर तुमी दोघंच जाऊन याल. आल्यावर दावतो.

माया उरली न्हाई असं कधी वाटलं, तर मागून घेत जाय.

तुझा दादा,
ज्ञानबा