मिक्सरमधली विभूती

अहो,

मी अडचणीत असताना शिवले म्हणून साउंडचा मिक्सर खरखरतोय, असं तुमी गल्लीभर सांगत फिरलात. आज मी तो खोलला. आतून चमचाभर विभूती निघाली. दसऱ्याला पूजा करताना तुमीच मशीनला फासलती, ती बटनांच्या फटीतून आत गेली. ब्रशनं साफ केल्यावर खरखर बंद. आन माईकची पिन तुमी टेपच्या भोकात खुपसलती, मग आवाज बारीकच येनार.

नेकनूरच्या लग्नाला चाँदभाईच्या टेम्पोत मिक्सर घेऊन मीच चाललेय. भाकरी टोपल्यात हाय. मागून यायचं असंल तर या, पन आंघोळ करून या, आन मशीनला शिवू नका.

रुद्राणी